जागता पहारा

आम्हां सातारा-सांगलीकडच्या माणसांना ‘पलटण’ हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही. कुणाचा मामा, कुणाचा थोरला भाऊ पलटणीत असतोच. पण तो तिथे नेमके करतो काय, असे विचारा. बहुतेकजण ‘लढतो’ एवढेच सांगतील.

माझ्या आजोळी शेजारी एक निवृत्त सुभेदार राहत. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. सारी नोकरी मराठा लाईट इन्फंट्रीत झालेली. आम्ही मुले त्यांना भंडावून सोडायचो, “आबा, तुम्ही किती शत्रू मारलेत?” आबा मिशीत हसत. “बाळांनो, खड्डे किती खणले ते विचारा!”

त्या उत्तराचा अर्थ पुढे कळत गेला. तोफा दुरून मारा करतात, विमाने बाँब टाकून माघारी येतात. पण टेकडी आपली झाली, असे म्हणायला तिच्यावर आपला माणूस उभा असावा लागतो. तो माणूस पायदळाचा. शत्रूला भिडून जागा घ्यायची, लगेच खंदक खणायचा आणि उलटा हल्ला आला तरी हलायचे नाही. दहाएक जणांचा सेक्शन, त्याचा प्रमुख हवालदार. आपली बंदूक साफ ठेवायची, पाय धड ठेवायचे आणि शेजारच्याला एकटे पडू द्यायचे नाही. रात्री एकाने झोपावे, दुसऱ्याने जागावे. पहाटे आणि तिन्हीसांजेला मात्र सगळ्यांनीच शस्त्रे घेऊन सज्ज राहायचे. कारण अंधुक उजेड हल्लेखोराच्या सोयीचा.

शेजारच्यासाठी प्रसंगी किती मोल द्यावे लागते, हे आमच्या सांगली जिल्ह्यातील मणेराजुरीच्या पांडुरंग साळुंखे यांनी दाखवले. डिसेंबर १९७१ मध्ये अमृतसर भागातील बुर्ज परत घेताना त्यांची तुकडी शत्रूच्या रॉकेट लाँचरच्या माऱ्यात सापडली. हा साधा शिपाई थेट धावून गेला आणि त्याने ते हत्यार शत्रूच्या हातातून हिसकावून घेतले. मशीनगनच्या गोळ्यांनी ते कोसळले. पण सोबती वाचले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. तरीही पुढच्या पिढ्या भरतीला गेल्याच.

अशा मरणांची आपण आठवण ठेवतो, आणि ती ठेवलीच पाहिजे. पण ज्या हजारो रात्री पहारेकरी जागला आणि काहीच घडले नाही, त्यांची नोंद कुठे असते? त्याचे यश म्हणजे ‘काही न घडणे’. त्याला पदक नाही, बातमी नाही. आपली मात्र झोप झालेली असते.

दिवाळीत आम्ही अंगणात किल्ला करायचो. महाराज सिंहासनावर बसायचे आणि झाडून सारे मावळे समोरच्या दरवाजात गर्दी करायचे. आबा काठी टेकत येत, किल्ला न्याहाळत आणि दरवर्षी एक मावळा उचलून मागच्या तटावर, कुणाला दिसणार नाही अशा जागी ठेवत.

“हा आपला,” ते म्हणत.