मॉन्ट्रियलची इंग्रजी शाळा

मॉन्ट्रियलला आमच्या भाचीकडे गेलो, तेव्हा पहिल्याच सकाळी चौकात लाल अष्टकोनी पाटी दिसली. तिच्यावर 'स्टॉप' नव्हते, फ्रेंच शब्द होता. त्याचा उच्चार 'आरे'. आम्हा मुंबईकरांना आरे कॉलनी आठवून हसू आले. पण कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात भाषा ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही, हे लवकरच कळले.

भाची पार्क एक्स्टेन्शन भागात राहते. रस्त्यावर हलाल मटणाची, साड्यांची, मसाल्यांची दुकाने. जवळच सरकारी इंग्रजी शाळा, पण तिची सात वर्षांची लेक तिच्यावरून पुढे फ्रेंच शाळेत जाते. आम्ही विचारले, "ही शाळा सोडून तिकडे का?"

"मामू, ही आपल्याला मिळत नाही," भाची म्हणाली.

1977 च्या भाषा कायद्याप्रमाणे सरकारी इंग्रजी शाळेसाठी पात्रतेचा दाखला लागतो. आई किंवा वडिलांचे प्राथमिक शिक्षण बहुतांशी कॅनडात इंग्रजीतून झालेले असेल, तर तो सहसा मिळतो. आमच्या मेव्हण्यांनी ओव्हरटाइम करून लेकीला बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकवले. पण ते मुंबईचे इंग्रजी! इथे ते मोजले जात नाही. अनुदान न घेणाऱ्या खासगी शाळा आहेत, पण त्यांची फी झेपणारी नाही.

आम्हाला राग आला. मग यामागचा इतिहास ऐकला. पूर्वी इथे व्यापार आणि चांगल्या नोकऱ्या इंग्रजीच्या हाती होत्या. त्यामुळे बाहेरून आलेली बहुतेक कुटुंबे मुलांना इंग्रजी शाळेत घालत. बहुसंख्य असूनही फ्रेंच भाषकांना आपली भाषा बुडेल अशी भीती वाटू लागली. सेंट लेनर्ड उपनगरात इटालियन कुटुंबांच्या मुलांच्या शाळेवरून 1969 मध्ये दंगलही झाली. कायद्यानंतर इंग्रजी शाळांतील मुलांची संख्या निम्म्याहून खाली आली. उलट इंग्रजी भाषक पालकांनी 1965 मध्येच सेंट लँबर्टला आपल्या मुलांसाठी फ्रेंचमधून शिकवणारा वर्ग सुरू करवून घेतला होता. आज इथल्या कित्येक इंग्रजी शाळांत अर्धा दिवस फ्रेंचमध्येच जातो.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. भाची शिक्षिका होण्यासाठी शिकली आहे आणि डोक्यावर ओढणी बांधते. 2019 च्या कायद्याने सरकारी शाळांत नव्याने लागणाऱ्या शिक्षकांना धार्मिक चिन्हे घालण्यास मनाई केली. याविरुद्ध मॉन्ट्रियलचे इंग्रजी शाळा मंडळ न्यायालयात गेले. 2021 मध्ये इंग्रजी शाळांना सूट मिळाली, पण अपिलामुळे ती अमलात आली नाही, आणि 2024 मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणजे त्याच शाळेत लेकीला बाकावर जागा नाही आणि आईला फळ्यापाशी.

भाची कुरकुरत नाही. संध्याकाळी लेकीचा फ्रेंच अभ्यास घेताना स्वतःही शिकते. रात्री दिवा मालवला की लेकीशी फक्त आपल्या कोकणी बोलीत बोलते. "ही बोली इथली कुठलीच शाळा देणार नाही, मामू."

परतण्याच्या दिवशी नात आमचे बोट धरून चौकापर्यंत आली. पाटीकडे बोट दाखवून तिने आम्हाला थांबवले आणि कोकणीत समजावले, "नाना, आरे म्हणजे थांबायचं."