क्लाइडकाठचे दिवस (भाग तिसरा) : वाचकांचं संमेलन

गुरुवार, ८ ऑगस्ट २०२४, ग्लासगो

ग्लासगो सेंट्रलच्या खालच्या फलाटावरून लोकल पकडली की दुसरंच स्टेशन एक्झिबिशन सेंटर. डब्यात चढल्याबरोबर कळलं की बहुतेक सगळे एकाच ठिकाणी निघालेत. कुणाच्या पाठीला पंख होते, कुणाच्या मांडीवर जाडजूड कादंबरी. बाहेर भुरभुर पाऊस होता, पण स्टेशनापासून संमेलनाच्या इमारतीपर्यंत छत असलेला पूल आहे.

नदीकाठी फिनिस्टनची प्रचंड यारी अजून उभी आहे. इथल्या कारखान्यांत तयार झालेली वाफेची इंजिनं ती उचलून जहाजांवर ठेवत असे. त्या कारखान्यांची कितीतरी इंजिनं आपल्याकडच्या रुळांवर धावली. विज्ञानकथांचं जागतिक संमेलन, म्हणजे वर्ल्डकॉन, अशा यंत्रांच्या गावात भरतंय याचा मला फार आनंद झाला. याआधी १९९५ आणि २००५ मध्येही ते इथेच भरलं होतं.

नोंदणीच्या टेबलाशी सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. १९७९ च्या ब्रायटनच्या संमेलनापासून जमेल तेव्हा येतात, आणि आल्या की काम करतात. इथे पगारी माणूस जवळजवळ नाहीच. अध्यक्षांपासून दारावर उभ्या असलेल्या मुलापर्यंत सगळे स्वयंसेवक. आपण तिकीट काढत नाही, सभासद होतो. बाईंनी माझा बिल्ला दिला आणि लगेच विचारलं, उद्या दुपारी तासभर मदत कराल का? मी हो म्हटलं.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

सकाळी कामकाजाच्या सभेला गेले. पुष्कळजण तिकडे फिरकत नाहीत, पण मला या संमेलनाचा जीव तिथेच दिसला. संमेलनामागच्या संस्थेला घटना आहे, आणि ती बदलायची तर ठराव लागोपाठ दोन वर्षांच्या संमेलनांत मंजूर व्हावा लागतो. हजर असलेला कुणीही सभासद उठून बोलू शकतो, मत देऊ शकतो.

यंदा वातावरण तापलेलं होतं. गेल्या वर्षी चीनमधल्या चेंगडूच्या संमेलनात विज्ञानकथांसाठीच्या ह्युगो पुरस्कारांच्या मतदानातून काही पुस्तकं आणि माणसं कारण न देता अपात्र ठरवली गेली. आर. एफ. क्वांग यांची ‘बेबल’ ही कादंबरी त्यांतलीच. जानेवारीत मतदानाचे आकडे बाहेर आले आणि वाचक संतापले. तो संताप इथे मुद्देसूद ठरावांच्या रूपात आला होता. नियम कुठे दुबळा आहे, मोजणी करणाऱ्यांवर कुणाचं लक्ष असावं, यावर माणसं तासन् तास बोलली. एका कादंबरीवर अन्याय झाला म्हणून एवढी माणसं सकाळपासून कलमं आणि पोटकलमं वाचत बसतात, हे पाहून मला भरून आलं.

दुपारी पुस्तकांच्या दालनाबाहेर रांग लावण्याचं काम केलं.

शनिवार, १० ऑगस्ट

पाय दुखतात. एका वेळी इतके परिसंवाद चालतात की निवडणं म्हणजे बाकीचे सोडणं. मला आवडली ती छोटी टेबलं : एक लेखक, भोवती मोजके वाचक, आणि तासभर गप्पा. व्यासपीठ नाही, हार नाहीत, पाहुण्यांचा परिचय करून देणारं भाषण नाही.

सन्माननीय पाहुण्यांत नायजेरियन-अमेरिकन लेखिका न्नेडी ओकोराफोर आहेत. आफ्रिकेची भविष्यकथा आफ्रिकेच्याच मातीतून, तिथल्या माणसांच्या नजरेतून यावी, असा त्यांचा आग्रह. मराठी वाचकाने त्यांना जरूर वाचावं.

रविवार, ११ ऑगस्ट

रात्री आर्माडिलो सभागृहात ह्युगो पुरस्कार. पहिल्यांदा ते १९५३ मध्ये दिले गेले. ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिक काढणाऱ्या ह्युगो गर्न्सबॅक यांचं नाव त्यांना आहे. मतं देतात सभासद, म्हणजे वाचक, आणि तीही पसंतीक्रमाने. एकही पुस्तक पात्र वाटलं नाही तर ‘पुरस्कार नको’ हाही पर्याय मतपत्रिकेवर असतो.

यंदा ३७७ मतं पैशाच्या जोरावर आल्याचा संशय होता. ती बाद केली, आणि संमेलनाआधीच तसं जाहीरही केलं. चेंगडूनंतर हेच हवं होतं.

कादंबरीचा पुरस्कार एमिली टेश यांच्या ‘सम डेस्परेट ग्लोरी’ला मिळाला. नाओमी क्रिट्झर यांनी एकाच रात्री दोन नेले, एक लघुकथेसाठी आणि एक दीर्घकथेसाठी. ‘स्ट्रेंज होरायझन्स’ या नियतकालिकाचं नाव पुकारलं तेव्हा मी जागेवरून उठले. बिनपगारी संपादकांनी चालवलेलं हे साप्ताहिक. त्यांच्यात आपल्याकडचे गौतम भाटियाही आहेत.

सोमवार, १२ ऑगस्ट

आज समारोप. पुढचं संमेलन सिअॅटलला, २०२६ चं लॉस एंजेलिसला. ही निवडही मतदानानेच होते.

नदीकाठी बसून दिवसभर एकच विचार करत होते. मराठीत वाचक नाहीत असं नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती पहिली आली, आणि तेव्हापासून पिढ्या त्यांना वाचत आल्या. त्याआधी भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न घराघरांत नेला होता. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकरच होते. पण वाचकांनी स्वतः उभं केलेलं, वाचकांनीच मतं दिलेलं विज्ञानकथेचं संमेलन आपल्याकडे रुजलेलं नाही. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन भरलं तेव्हा सुमारे दोनशे माणसं जमली होती. तेवढी माणसं आपल्याकडे पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात सहज आहेत.

तेव्हा वाचकहो, आपापल्या गावच्या वाचनालयात एक रविवार मागून घ्या. प्रमुख पाहुणा शोधू नका. या वर्षी वाचलेली सगळ्यात चांगली मराठी विज्ञानकथा कोणती, यावर सगळे मिळून मत द्या, आणि निकाल आम्हाला कळवा.