तहात गेलेला मुलूख

गुरुग्रामला राहायला आलो त्याला सोळा वर्षं झाली. पाहुणे आले की आम्ही त्यांना दिल्लीला नेतो, कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा दाखवतो. गुरुग्राममध्ये दाखवण्यासारखं काही नाही, हे आमचं आम्हीच ठरवून टाकलेलं. आई गेल्यावर बाबा अंजनगाव सुर्जीहून आमच्याकडे आले आणि आठवडाभरात त्यांनीही तोच निकाल दिला. "या गावाले गावच नाही," ते म्हणाले. चौदाव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून टॉवर दिसतात, क्रेन दिसतात आणि हवा बरी असेल तर अरवलीचा उरलासुरला तुकडा. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला त्यात वाचण्यासारखं काय असणार? अंजनगावच्या घराचं काय करायचं, हा विषय मी काढला की ते पेपर उघडायचे.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही चौघं फर्रुखनगरला गेलो. ते याच जिल्ह्यात आहे, आमच्या घरापासून तासाभरावर. फौजदार खान नावाच्या बलूच सरदारानं १७३२ मध्ये ते वसवलं आणि बादशहा फर्रुखसियरचं नाव त्याला दिलं. गावाची आखणी अष्टकोनी. वेशीचे दरवाजे अजून उभे आहेत. दिल्ली दरवाज्याखालून ई-रिक्षा, दुचाक्या आणि आमची गाडी एकदमच आत शिरली.

शीशमहाल लाल दगडाचा, दुमजली. आरशांच्या कामावरून त्याला हे नाव पडलं. लेकीनं फोटो काढले, बाबा अंगणात उन्हात उभे राहिले. इथला नवाब अहमद अली खान १८५७ च्या उठावात सामील झाला आणि १८५८ च्या जानेवारीत त्याला दिल्लीत चांदणी चौकात फाशी दिलं, एवढं मी वाचून गेले होते. ते त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्याच्या आधी?"

आधी मराठे, मी म्हटलं. या भागावर शिंद्यांचा अंमल होता, तो १८०३ मध्ये कंपनीकडे गेला. सुर्जी-अंजनगावच्या तहानं.

ते माझ्याकडे बघत राहिले. ३० डिसेंबर १८०३. त्याच्या पंधरा दिवस आधी गाविलगड पडला होता. दौलतराव शिंदे आणि आर्थर वेलस्ली यांच्यातला तह. शिंद्यांनी काय काय सोडलं त्याची यादी बाबांनी तिथेच उभ्या उभ्या म्हटली: गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली-आग्र्याकडचा प्रदेश, भडोच, अहमदनगरचा किल्ला. वर्गात म्हणायचे त्याच चालीवर.

"पोरायले हे पाठ करवलं मी. पाच मार्कांचा प्रश्न होता. दिल्लीकडचा प्रदेश म्हणजे नेमका कोठी, हे मले कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं." मग इकडेतिकडे पाहत म्हणाले, "आपल्या गावात बसून देऊन टाकला बापा हा मुलूख."

लेक गोंधळली. तिचं शिक्षण हिंदी आणि इंग्रजीतलं, मराठी फक्त घरातली. "आजोबा, तह म्हणजे घडी ना? कपड्यांची?" हिंदीत तह म्हणजे घडी, थर, तळ. अनुवादाचं काम करताना अशा फसव्या शब्दांची मी वहीच ठेवली आहे, पण हा त्यात नव्हता. बाबांना मात्र तो अर्थ पटला. त्यांनी हातरुमाल काढून घडी घातली आणि तिला दाखवलं: हे टोक अंजनगाव, हे फर्रुखनगर. नवाब आपल्या जागी राहिला, वरचा धनी बदलला.

गौस अली शाहची बावडी पाहिली, तीही अष्टकोनी. फौजदार खानाची जामा मशीद फाळणीनंतर मंदिर झाली. तिच्यातल्या दोन शिळा बल्बनच्या काळातल्या, जवळच्या सुलतानपूरच्या आणखी जुन्या मशिदीतून आणलेल्या. अनुवादकाला अशा जागी चटकन उपमा सुचते. मी ती सुचू दिली नाही. इथून गेलेल्या आणि पश्चिम पंजाबातून इथे आलेल्या, दोन्हीकडच्या माणसांनी घरं सोडली होती.

या गावाचं खरं पोट भरलं ते मिठावर. आसपासच्या गावांत विहिरींचं खारं पाणी उपसून उथळ वाफ्यांत वाळवायचे. सुलतानपुरी मीठ म्हणून ते लांबलांब जाई. १८७३ मध्ये दिल्ली-रेवाडी ही मीटर गेज रेल्वे सुरू झाली, तिचा एक फाटा या मिठासाठी इथवर आला. पण त्याच रेल्वेच्या जाळ्यातून सांभरचं मीठ सगळीकडे पोचू लागलं, वरून सरकारी कर. १९२० च्या दशकात इथले मिठाचे वाफे कायमचे बंद झाले. आज सुलतानपूरला लोक पक्षी बघायला जातात.

बसस्टँडजवळ चहा घेताना बाबांनी आपल्या हिंदीत चहावाल्याला विचारलं, "पानी अब भी खारा है क्या?" खारंच आहे, तो म्हणाला, चहाला नहरचं पाणी वापरावं लागतं. मग बाबा बोलायलाच लागले. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, दर्यापूरकडे दिलेली त्यांची बहीण, तिच्या सासरच्या विहिरीचं पाणी डाळ शिजू देत नसे म्हणून माहेरून परतताना बैलगाडीत ठेवलेल्या गोड्या पाण्याच्या घागरी. चहावाल्याला त्यातलं निम्मं कळलं असेल, पण डाळीचं कळलं. त्याच्या आईचीही तीच तक्रार होती म्हणे.

परतताना गाडीत सगळे गप्प होते. लेक झोपली होती. टोलनाक्याच्या रांगेत बाबा म्हणाले, "आपल्या आडाचं पाणी गोड हाय. घर जो कोणी घेईन त्याले सांगजो, आड बुजवू नको म्हणा."

मी हो म्हटलं. रांग पुढे सरकली.