बाबांच्या जीपचे ब्रेक

"ब्रेक फेड म्हणजे काय?"

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ओरलला बाहेरून आलेल्या सरांनी मला हा प्रश्न विचारला आणि मी धडाधडा उत्तर दिलं. ब्रेक सतत दाबला की लायनर तापतात, घर्षण कमी होतं, ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. सर खूश, मीपण खूश. त्याच खुशीत दिवाळीच्या सुट्टीला घरी निघालो. आठच दिवसांनी कुंभार्ली घाटाने मला हाच प्रश्न विचारला, तेव्हा मात्र माझी दातखीळ बसली होती.

आमचं गाव चिपळूण तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. डांबरी रस्ता संपला की वाडीपर्यंत चार किलोमीटर नुसते दगड, चिखल आणि मध्ये दोन पऱ्ये. तिथे बाबांची जुनी फोर बाय फोर डिझेल जीप चालते. चारही चाकांना ड्रम ब्रेक, बूस्टर नाही. या जीपने वाडीतल्या बाया बाळंतपणाला दवाखान्यात नेल्या आहेत, गणपती आणले आहेत आणि फणस तर किती वाहिले त्याला गणतीच नाही. बाबांचा तिच्यावर जीव. आई म्हणते, "ह्यांना दोन पोरं. एक तू नि एक ती."

तर त्या दिवशी कराडहून सिमेंटची बारा पोती घेऊन आम्ही घाट उतरत होतो. पुढे बाबा आणि मी, मागे पोत्यांवर गोणपाट टाकून आई. बाबांची जुनी सवय म्हणजे उतार लागला की गाडी न्यूट्रल. "डिझेल काय फुकट येतं?" असं ते म्हणत. निम्मा घाट उतरलो आणि जळका वास यायला लागला. पुढच्या वळणावर बाबांनी ब्रेक दाबला, तर पॅडल सरळ खाली गेला. बाबांनी भराभर पंपिंग केलं. काही नाही. मग त्यांनी हँडब्रेक ओढला, कसाबसा तिसरा घुसवला, मग दुसरा, आणि जीप डोंगराच्या बाजूच्या गटारात घालून दरडीला घासत थांबवली. दुसऱ्या बाजूला दरी होती.

कोणी काहीच बोललं नाही. आई खाली उतरली, पदराने तोंड पुसलं आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिली. बाबा म्हणाले, "काय झालं नाय. गरम झाले जरा." मी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसलो होतो. ओरलला वीसपैकी अठरा मार्क मिळवणारा इंजिनियर!

त्या दिवसापासून आई जीपमध्ये बसेना. चार किलोमीटर पायी जायची आणि एसटी पकडायची. बाबांना ते लागत होतं, पण बोलणार कोण?

हॉस्टेलवर परत आलो आणि एका रात्री वहीत गणित मांडलं. माल, माणसं धरून जीप २००० किलो. ६० च्या स्पीडला तिची गतिज ऊर्जा होते साधारण २७८ किलोज्यूल. घाटाची उतरण ५०० मीटर धरली तर mgh झाले ९८ लाख ज्यूल. म्हणजे ६० च्या स्पीडवरून गाडी ३५ वेळा लागोपाठ थांबवावी, तेवढी उष्णता! गिअरमध्ये असतं तर यातला मोठा वाटा इंजिनने खाल्ला असता. न्यूट्रलमध्ये जवळपास सगळा बोजा चार ड्रमवर. शिवाय ब्रेक ऑइल किती वर्षांचं, ते बाबांनाही आठवत नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ ऑइल ताजं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पण पुरेसं पाणी पिलं की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. आमच्या कोकणातली हवा म्हणजे तर विचारूच नका. ऑइल उकळलं, पाइपात वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. पॅडल खाली गेला त्याचं कारण हेच. जीपची काही चूक नव्हती. आमचीच होती.

२०२४ च्या उन्हाळी सुट्टीत मी बाबांना म्हटलं, पुढे डिस्क बसवू. बाबा म्हणाले, "ड्रमवर तीस वर्सं चालवली." पण दुसऱ्या दिवशी स्वतःच मिस्त्रींकडे घेऊन गेले.

मिस्त्री सातवी शिकलेले. मी त्यांना माझी वही दाखवली. डिस्कला ड्रमसारखी स्वतःची ओढ नसते (ड्रममधला पुढचा लायनर फिरत्या ड्रमबरोबर आपोआप जास्त चिकटतो, डिस्कमध्ये ते होत नाही), म्हणून जोर जास्त लागतो, म्हणून मास्टर सिलिंडर मोठा टाकू, असा माझा बेत. मिस्त्रींनी बिडी विझवली. "मोठा टाकलास तर पाय मोडंल बापाचा." मी वहीत पाहिलं आणि कान गरम झाले. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ! १९ मिमीच्या जागी २५ मिमीचा बोअर घेतला तर तेवढ्याच पायात दाब ४२ टक्के कमी. पॅडल कमी जाईल, पण दगडासारखा लागेल. शेवटी ठरलं की याच घराण्यातल्या नंतरच्या गाडीचा सगळा सेट एकत्र घ्यायचा: हब, डिस्क, कॅलिपर, बूस्टर आणि दोन खणांचा मास्टर सिलिंडर. जुन्याला एकच लाइन होती, एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. नव्यात पुढचं-मागचं वेगळं. डिझेल इंजिन बूस्टरला पुरेसा व्हॅक्यूम देत नाही, म्हणून व्हॅक्यूम पंपवाला अल्टरनेटरही आला. हाताला चटके, अंगाला ग्रीस, आणि मेसपेक्षा बरं जेवण असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी हवा काढायला बसलो. बाबा पॅडलवर, मी चाकाखाली. "दाब... धरा... सोड." सकाळपासून दुपारपर्यंत. एक लिटर ऑइल संपलं, तरी पॅडल स्पंजासारखा. मी मास्टर सिलिंडरवर संशय घेतला, मग पाइपांवर, मग बाबांच्या पायावर. मिस्त्री स्टुलावर बसून सगळं बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "इंजिनियर, हवा वर जाते का खाली?"

"वर."

"मग निपल खाली कशाला?"

मी डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता! नटबोल्ट व्यवस्थित बसले, पण हवा काढायचं निपल आलं तळाला. हवा वरच्या कोपऱ्यात मजेत बसलेली आणि मी खालून ऑइल सांडतोय. बाबा एवढे हसले, एवढे हसले की पॅडलवरचा पाय सुटला. नोव्हेंबरनंतर त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. कॅलिपरची अदलाबदल केली, वीस मिनिटांत पॅडल टणक.

मग पॅड बसवायला मोकळ्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा हळू ब्रेक मारले, मध्ये गार होऊ दिले. पऱ्यातून नेऊन पाहिली. पूर्वी पाण्यातून निघालं की ड्रममध्ये पाणी राहायचं आणि ब्रेक लागायचाच नाही. आता डिस्क पाणी झटकून टाकते, पहिल्याच दाबाला गाडी उभी.

पण एक गोष्ट मला सांगायचीच होती, आणि बापाला शिकवायचं म्हणजे घसा कोरडा. म्हटलं, "बाबा, आता उतारावर इंजिन बंद करायचं नाही. पंप बंद पडला की बूस्टरमध्ये दोन-तीन ब्रेकपुरताच व्हॅक्यूम उरतो. आणि न्यूट्रल तर नाहीच." बाबा काही बोलले नाहीत. फडक्याने काच पुसत राहिले.

सुट्टी संपायच्या आदल्या आठवड्यात कराडला जायचं निघालं. आई चपला घालून एसटीसाठी निघाली होती. अंगणात थांबली, जीपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तू बसवलंस ना?" म्हणाली आणि मागे जाऊन बसली. मित्रांनो, मला आजवर कुठल्याही परीक्षेची एवढी भीती वाटली नव्हती.

येताना घाटमाथ्यावर बाबांनी गाडी हळू केली, क्लच दाबला आणि दुसरा टाकला. एक शब्द न बोलता. इंजिन गुरगुरत राहिलं आणि पायथ्यापर्यंत ब्रेकला मोजून काम पडलं. पोफळी आली तेव्हा मागून आवाज आला, "पंखा लागतो का रे ह्यात बसवता? फार उकडतंय."

सुट्टीत घरी गेलात की एकदा गाडीचं बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑइलचा रंग बघा. काळ्या चहासारखं दिसलं तर सबमिशन नंतर करा, आधी ते बदला. आणि हो, निपल वर!