आजीच्या दादाचा चेहरा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हटलं की ऑफिसमधले हसतात. पुढचा प्रश्न ठरलेला, “तिथे बघायला काय आहे?” या वेळी मी खरंच काहीतरी बघायला गेले होते. एक चेहरा.

पुण्यात मी रोज येरवड्याच्या डेक्कन कॉलेजवरून ऑफिसला जाते. राखीगढीच्या दोन हडप्पाकालीन माणसांचे चेहरे 2019 मध्ये याच कॉलेजने कोरियन तज्ज्ञांबरोबर कवट्यांच्या सीटी स्कॅनवरून उभे केले. कवटीवर ठरावीक जागी मांसाची जाडी धरायची, मग स्नायू, वर त्वचा. भन्नाट ना?

त्याआधी, 2009 मध्ये, कॉलेजच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर आणखी एक सांगाडा जगापुढे आणला होता. उदयपूरजवळच्या बालाथलचा, सुमारे 4000 वर्षांपूर्वीचा पुरुष. नाकाच्या छिद्राची कड आणि वरचा जबडा झिजलेला. कुष्ठरोग! अशा माणसाचा चेहरा करणं अवघड. नाकाचं टोक ठरवायला नाकाखालचा हाडाचा छोटा काटा लागतो, आणि हा रोग नेमका तोच खातो.

वाचताना आठवलं, आमच्या घरातही असा एक चेहरा गायब आहे. आजीचा थोरला भाऊ.

रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून परभणी, तिथून एसटीने जनाबाईंचं गंगाखेड. गोदावरीच्या घाटावर चहा मारला आणि पुढे आमच्या गावी.

“आजी, दादांचा फोटो आहे का गं?”

“रक्तपिती झाल्याली त्याला. फोटो कोण काढणार माय?”

त्यांना आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटात ठेवलं होतं. भाकरी बांधावर ठेवून आजीने मागे फिरायचं. आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या गोळ्यांनी 6 ते 12 महिन्यांत हा रोग बरा होतो. दादा त्या गोळ्यांच्या आधीच गेले.

आम्ही आखाड्यावर गेलो. खोपट कधीच पडलंय, तिथे आता तूर उभी आहे. आजी बांधावरच थांबली. जुनी सवय!

“नाक बसलं व्हतं त्याचं,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. “पर कपाळ तुझ्यावानीच. अन् हसला की गालाला खळी.”

बालाथलच्या माणसाबद्दल हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. खळी हाडात सापडत नाही.

निघताना मी आजीचा फोटो काढला. समोरून, आणि बाजूनंही.