वेळलेला भात

गेल्या वर्षी आमच्या घरात भात हा वादाचा विषय झाला. अण्णांच्या रक्तातील साखर वाढली, डॉक्टरांनी पथ्य लिहून दिले, आणि त्या कागदावर ‘भात बंद’ हे दोनच शब्द ठळक होते. कोकणात वाढलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या माणसाला भात बंद करायला सांगणे म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यास बहुधा ठाऊक नसावे. अण्णा वाद घालणारे नव्हेत. ते मुकाट्याने पोळी-भाजी खात आणि आमटीची वाटी तशीच ठेवून पानावरून उठत.

शेवटी आम्ही विजेवर चालणारा भाताचा कुकर घेऊन आलो. साध्या विजेच्या कुकरचे तत्त्व मोठे सुबक आहे. पाणी आहे तोवर भांडे १०० अंशांच्या फारसे पुढे तापत नाही. पाणी संपले की तापमान चढते, आणि ते चढताच कळ सुटून आच बंद होते. जपानात १९५५ साली तोशिबाने असा स्वयंचलित कुकर बाजारात आणला. आमच्या कुकरात याखेरीज एक जाळीचे भांडे होते. भात त्यात भरपूर पाण्यात शिजतो आणि उरलेले पाणी खाली निथळते. खोक्यावर साखर घटवल्याचा मोठा दावा छापलेला होता.

आईने झाकण उघडून पाहिले आणि म्हणाली, “अरे, हे तर वेळणंच की!”

खरेच होते. रोवळीत धुतलेले तांदूळ आधणात वैरायचे, शीत बोटांत दाबून पाहायचे, मग पातेल्याच्या तोंडावर वेळणी धरून ते कलते करायचे आणि पेज काढून घ्यायची. त्या पेजेत मीठ घालून ती आजाऱ्याला द्यायची, उरलीच तर गोठ्यात जायची. लुगड्यांना खळही तिचीच. आईच्या उजव्या मनगटावर त्या वाफेचा डाग अजून आहे. त्यामुळे घरात शिटीचा कुकर आला तेव्हा सर्वांत अधिक आनंद तिलाच झाला होता, हे येथे सांगितले पाहिजे. जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांना मनगटे बहुधा नसतात. मात्र कुकरातल्या डब्यात पाणी मोजून घालायचे, ते सारे भातातच जिरायचे. वेळणे राहिले नाही आणि शब्दही गेला. मध्यंतरी वर्गात एका ग्रामीण कथेत तो आला, तेव्हा आम्हांला पातेले कलते केल्याचा अभिनय करून दाखवावा लागला. मुले हसली.

खोक्यावरच्या दाव्याविषयी मात्र आमचे मन स्वच्छ नाही. पेजेबरोबर थोडे पिष्ट जाते, तशी काही ब जीवनसत्त्वेही जातात. शिवाय भरपूर पाण्यात फुललेल्या शितात पाणीच अधिक असते. म्हणून तेवढ्याच वाटीत तांदूळ कमी बसतो आणि कर्बोदकेही कमी भरतात. हे खरे, पण मग यात यंत्राचे कर्तृत्व किती आणि वाटीचे किती? भूक राहिली म्हणून दुसरी वाटी घेतली की हिशेब पुन्हा जागच्या जागी.

आम्ही हे सारे डॉक्टरांपुढे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुपारी अर्धी वाटी भात मान्य केला. आधी भाजी नि उसळ, मग भात, आणि साखर नियमित तपासायची या अटीवर.

पहिल्या दिवशी अण्णांनी आमटी-भात सावकाश कालवला. आई पाठ करून ओट्यापाशी उभी होती. शेवटचे शीत बोटाने टिपून झाल्यावर त्यांनी आमच्याकडे पाहिले.

“पेज कुठे गेली रे? मीठ घालून आण की वाटीभर.”

भातातून काढलेले ते सारे पिष्ट खालच्या भांड्यात गरम होते. आम्ही आईकडे पाहिले. तिने काही न बोलता दोन चमचे पेज लहान वाटीत घेतली, मीठ घातले, आणि बाकीची मोरीत ओतली.