झोपेची नोंद

लग्नसराईत बंगळूरच्या चिकपेटेत पाय ठेवायला जागा नसते. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना कापडाची दुकाने, मधून वाट काढणाऱ्या हातगाड्या आणि डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल. साडीचा पोत बोटांनी चाचपणाऱ्या बाईला दुकानदार मालाचे गाव सांगतो, भाव सांगतो. तो माल रात्रभर गाडी हाकून आणणाऱ्याचा विषय मात्र निघत नाही.

मालाची नोंद चोख असते. जवळच्याच कलासिपाळ्यातल्या ट्रान्सपोर्ट कचेऱ्यांत गठ्ठे, वजन, भाडे सारे बिल्टीवर चढते. परराज्यात जाणाऱ्या पन्नास हजार रुपयांवरच्या मालाला २०१८ पासून ई-वे बिलही लागते. त्या कागदाचा हिशेब उदार आहे. साध्या मालाला दर दोनशे किलोमीटरला एक दिवस. मुंबईचा रस्ता सुमारे हजार किलोमीटरचा, म्हणजे पाच दिवसांची मुभा. व्यापाऱ्याला मात्र माल परवा सकाळी हवा असतो.

या रस्त्यावर कोल्हापूर-सांगलीकडचेही ड्रायव्हर असतात. निघण्यापूर्वी ड्रायव्हर टायरवर लोखंडी कांब ठोकून आवाज ऐकतो, ब्रेक आणि दिवे पाहतो, ताडपत्रीचे दोर ओढून बघतो, उदबत्ती लावतो. ही तपासणी मनापासून होते, पण कागदावर उतरत नाही. रात्री घरून फोन येतो. "जेवलात का? जरा पडा की." "पडतो गं, बेळगाव गाठू दे." बेळगाव येते आणि मागेही पडते.

कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला फार तर दहा तास काम ठरवले होते. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा. पण तो मुख्यतः पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. तिचीही मर्यादा आठ तासांचीच. युरोपात ट्रकमधले यंत्रच तास टिपते आणि साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावेच लागते. आपल्याकडे ज्याची एकच गाडी आणि तोच ड्रायव्हर, त्याच्या तासांची वही कोण तपासणार? फेरी लांबली की गाडीचा हप्ता चुकतो.

वही सक्तीची केली, तरी घाई तशीच राहिली तर त्यात खोटे तास लिहिले जातील. सुरुवात पेढीवरच व्हायला हवी. माल उतरवून घेताना गठ्ठे मोजतात, तसे "काल किती तास झोपलास?" हेही विचारावे आणि उत्तर बिल्टीच्या पाठीवर लिहावे. उत्तर दोन तास असेल, तर परतीचा माल संध्याकाळी भरावा. गिऱ्हाइकानेही साडीसाठी एक दिवस थांबावे. तेवढ्याने लग्न अडत नाही, आणि कुणाच्या तरी घरचा माणूस झोप काढून गाडीवर बसतो.